प्रकरण अकरावं

कादंबरीला कव्हर नव्हतं, पहिली आठ पानंही नव्हती.
लेखक कोण, ते कन्ना चौकातल्या रद्दीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.
किलोच्या भावात आणली
आणि रोज दिवेलागणीला नायनांना वाचून दाखवू लागले.
अडतीस वर्षं जेकॉर्डवर मोर काढून
त्यांच्या डोळ्यांत आता नुसता पांढुरका उजेड उरलाय.

गोष्ट दोन भावांची.
थोरला कधी आवाज चढवत नाही,
ताटात पडेल ते खातो,
भांडण दिसलं की चपला घालतो.
धाकटा म्हणजे उधाऱ्या, शिव्या, फुटलेल्या कपबशा.
दहा प्रकरणं मी थोरल्याच्या बाजूनं वाचली,
त्याची वाक्यं जरा मऊ आवाजात.

अकराव्यात घरमालक शेजारणीची भांडी रस्त्यावर फेकतो.
धाकटा अनवाणी धावतो, मार खातो,
तिचा तांब्या तेवढा परत आणतो.
थोरला खिडकीशी.
त्याच्यावर लेखकानं एकच ओळ खर्चलीय:
त्यानं पडदा सरळ केला.

नायना म्हणाले, थांब.
मांडीवरची चादर चाचपून उलटी केली.
"इकडं मोर तांबडा ना? आणि इथं पांढरा.
धागे तेच गं.
एक वर आला की दुसरा कुठं दबला ते दिसतं.
धाकटा धावला नसता
तर ह्याला आपण शांतच म्हणत बसलो असतो."

मला राजमणी आठवली. माझ्या पाठची.
कारखान्यात तिच्या हजारातल्या दीडशे विड्या छाट काढल्या
तेव्हा सूप आपटून मुनीमाला बोलली होती,
तेलुगूत सुरू करून मराठीत संपवलं,
सगळ्यांना कळावं म्हणून.
माझ्याही शंभर काढल्या होत्या.
मी पानं कापत राहिले,
पत्र्याच्या मापानं, अगदी काटकोनात.
तिचं कार्ड गेलं.
साखर पेठेत अजून म्हणतात,
थोरली किती समजूतदार.

"पुढं वाच."
पुढच्या पानावर धाकटा भावाच्या दारात उभा होता.
त्याचा पहिला शब्द मला दिसत होता: दादा.
मी तेंदूच्या पानाची खूण घातली, पुस्तक मिटलं.
म्हटलं, लाईट गेली, नायना.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग छताकडे तोंड करून म्हणाले,
पंखा फिरतोय.