आठ पायांचा विंचू

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश, आणि बारा डोक्यांचं मशीन
एका दमात बारा गरुड काढतं.
गरुड मला पाठ आहे :
नऊ हजार दोनशे टाके, सहा रंग,
चोचीपाशी टेन्शन जरा सैल, नाहीतर दोरा तुटतो.

ऑर्डर दुबईच्या शेठची.
पाच देश, अकरा स्क्वाड्रन, एक युद्ध.
ते अजून सुरू व्हायचं होतं,
हे आम्हाला सोलापुरात कसं कळणार.
सत्तय्या मालक एवढंच म्हणाला,
"अक्का, एकोणीस तारखेच्या आत. विमानं थांबत नसतात."
बिल्ल्यामागं वेलक्रो,
म्हणजे हवं तेव्हा खांद्यावरून ओरबाडून काढता येईल.

लांडगा, पंखांचा घोडा, हसणारी कवटी,
आणि सातव्या स्क्वाड्रनचा विंचू.
कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याला पाय सहाच.
ज्यानं काढला त्यानं
उचललेल्या विटेखाली कधी पाहिलं नसणार.
आमच्या आईला विडीच्या सुपात सापडला होता,
तंबाखूखाली. मेल्यावर मी मोजले होते. आठ.
कुणाला न विचारता मी दोन वाढवले.
चारशे ऐंशी टाके जास्त.
त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

शेजारच्या टेबलावर त्याच शेठची दुसरी ऑर्डर :
शाळेचे गणवेश. आभाळी शर्ट, खिशावर
डाळिंबाची फांदी, खाली उजवीकडून वाचायचं नाव.
शमशादला अक्षरं यायची, अर्थ नाही.
"समुद्राकाठची शाळा दिसते," ती म्हणाली,
कशावरून ते विचारलं नाही.
डाळिंब मात्र आमच्या सांगोल्यासारखंच,
लाल दोरा मी जरा हात सोडून घातला.

मग मार्चात, रात्री, मोबाईलवर
एक पायलट शिडीवरून उतरला, अंगठा वर करून.
खांद्यावर विंचू.
मी थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं.
आठ.
मला आधी आनंद झाला. हे लपवत नाही.
हातात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि मी लेकाला म्हणाले, बघ रे,
यातले दोन पाय तुझ्या आईचे.

बातमीवाला सांगत होता :
पाच देशांची विमानं एका रांगेत,
हवेतच तेल पितात,
भाषा वेगळी, तरी एकामागं एक.
आमची गल्लीही तशीच, तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी,
फक्त आमची रांग टँकरमागं,
पाचव्या दिवशी.

एप्रिलात शेठचे दोन निरोप एकदमच आले.
बिल्ले : आणखी सहाशे. विंचू दुप्पट.
गणवेश : पुढं कळवेपर्यंत थांबवा.
साइझ चोवीस, सव्वीस मुळीच नको.
मालकानं मोठ्यानं वाचलं, मग चहा मागवला.
कुणी प्यायलं नाही, असं झालं नाही. प्यायलो.
बंदर बंद असेल. कापड महागलं असेल.
शाळेला सुट्टी लागली असेल, शमशाद म्हणाली.
दुपारभर आम्ही कारणं शिवत बसलो,
एकही अंगाला बसेना.

मी फाइल उघडली. ते दोन पाय निवडले.
डिलीटवर बोट.
सहा पायांनीही तो उडेलच की.
आणि नांगी तर मुळातच होती, त्यांच्या चित्रात,
तिला मी हातही लावला नव्हता.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा तेलुगूत.

तयार शर्ट पोत्यात भरले.
एक वर राहिला. सव्वीस.
लेकाला नेमका झाला असता.
पोत्याचं तोंड शिवून टाकलं.

तेवढ्यात होटगी रोडकडून
मुंबईचं प्रवासी विमान उठलं असावं, पत्रा थरथरला.
मशीनवरच्या सगळ्याजणींनी वर पाहिलं.
वर पत्राच होता.