चिरून ठेवलेला कोबी

बॉस्टन म्हटलं की लोकांना अमेरिकेतलं वाटतं.
हे लिंकनशरमधलं, जुनं, सपाट,
जिथे फेब्रुवारीत वारा सुटला
की कुजक्या कोबीच्या पानांचा वास गावभर हिंडतो
आणि कुणी खिडकी लावून घेत नाही.

एकोणीस वर्षं मी इथल्या पॅकहाउसात काढली.
पट्ट्यावरून गड्डे येत,
मी बाहेरची पानं काढी, देठ छाटी,
हातमोज्यांच्या आत बोटं बधिर.
निवृत्त झाले, आणि इस्पितळात कागद चिकटवलेला दिसला:
अभ्यासासाठी माणसं हवीत, कोबी खाऊ शकतील अशी.
मला हसूच आलं.

पहिले तीन आठवडे कोबी वर्ज्य.
फ्लॉवर, मुळा, ब्रोकोली, आणि मोहरीसुद्धा.
मोहरीविना फोडणी!
तेलात एकटं जिरं,
सुतकातल्या घरासारखं.
पुढचे तीन आठवडे दोन्ही वेळा कोबी,
शिवाय ते ब्रसेल्सचे गड्डे, तान्ह्या मुठीएवढे.
दोन्ही टप्प्यांच्या शेवटी काळी कॉफी प्यायची
आणि दर तासाला एका नळीत थुंकायचं.

नर्स ओयेलारानला घांगुर्डे जमत नाही,
ती मला मिसेस जी म्हणते.
तिने दोन रेघा दाखवल्या,
कॉफी अंगातून कशी उतरत गेली त्याच्या.
दुसरी रेघ घाईत होती.
"यकृतातली विकरं कामाला लागलीत," ती म्हणाली.
एक टोळी आलेलं तोडते,
तोडताना कधी कधी ते आणखी धारदार होतं.
दुसरी टोळी त्याचं गाठोडं बांधते, चिठ्ठी लावते,
बाहेरच्या ट्रकवर चढवते.
(ट्रक माझा. तिने लघवी म्हटलं होतं.)

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. मान डोलावली.

मग ती जरा थांबली.
तुमच्यात एक जनुक नाही, म्हणाली.
बऱ्याच जणांत नसतं, घाबरू नका.
म्हणजे गाठोडी बांधणाऱ्यांतली एक बाई
मुळात कामावर आलेलीच नाही.
काही गोष्टी तुमच्यात जास्त रेंगाळत असतील.
कदाचित. नक्की कुणालाच सांगता येत नाही.

परतताना बसमध्ये
काळीज हा शब्द आठवला.
सांगलीत खाटकाकडे काळीज मागितलं
की तो यकृतच तोलून द्यायचा.
आणि आपण म्हणतो काळजाला लागलं,
काळजात जपून ठेवलं.
रात्रंदिवस बाहेर टाकण्याचं काम ज्याचं,
त्याच्याकडेच सगळं सांभाळायला दिलेलं.

अच्युतचं वाक्य, उदाहरणार्थ.
अकरा वर्षं झाली.
"एम.एस्सी. होऊन कोबी सोलतेस होय गं तिकडे?"
कितीदा तोडून पाहिलं मी ते,
दर वेळी जास्तच धार आली.
बांधणारी बाई रजेवर.

आज सकाळी कोबी चिरला.
चिरून लगेच शिजवू नका, असं नर्सने सांगितलं होतं,
चाळीस मिनिटं तसाच राहू द्या.
सुरी लागली की मगच त्यात ते तिखट औषध तयार होतं,
अख्ख्या गड्ड्यात ते नसतंच.
आईला ठाऊक होतं, विकरांचं नाव न घेता:
मोहरी फेसली तर नाकात जाते,
अख्खी गिळली तर गप्प बसते.

चाळीस मिनिटं फार असतात
एवढ्याशा स्वयंपाकघरात.
ओटा पुसला. परत पुसला.
फोन उचलला.

तीनदा वाजला. चारदा.
"काय करतेस?" त्याने विचारलं,
जणू परवाच बोललो होतो.
"कोबी चिरलाय."

तिकडे बराच वेळ काही नाही,
नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
"बारीक चिरलायस ना?"