पहिलं पाणी

बादलीत अजून तीन रुमाल भिजत पडलेत.
गुरुवारी तिने घातले,
शुक्रवारी पहाटे ती गेली,
आज मंगळवार.

काल देवळात बसायला जागा नव्हती.
मागच्या बाकांवर बसचे ड्रायव्हर, केरळी नर्सा,
दोघे पोलिश भाऊ, ज्यांना तिने एक अख्खा हिवाळा जेवू घातलं,
आणि सेंट विनिफ्रेडच्या त्या सगळ्या म्हाताऱ्या
ज्यांच्या जिभेवर 'मार्सेलीन' कधी बसलं नाही
म्हणून पन्नास वर्षं ती त्यांची मार्सी.
हाक कळली की झालं, म्हणायची.

मिस्सा झाली, माती दिली, सगळे हॉलमध्ये आले
आणि चहाच्या पिंपाच्या कपाटाची किल्ली कुणाला सापडेना.
फादर कीनन टोपी हातात घेऊन नुसते उभे.
प्रेस्टनच्या या टोकाला
प्रत्येक मयतीनंतरचा चहा तिने केला,
काकडीची सँडविचं कडा कापून,
कापलेल्या कडा पिशवीत भरून घरी, आमच्यासाठी.
काल लोक नळाचं पाणी पिऊन गेले.

(किल्ली माझ्याच पर्समध्ये होती,
तिच्या जपमाळेच्या डबीत. रात्री कळलं.)

भुईगावहून आली तेव्हा बावीसची.
पेटीत दोन लुगडी, मरियामातेची तसबीर,
आणि सुक्या बोंबलांची पुडी, जी विमानतळावरच गेली.
इन्फर्मरीच्या धोबीघरात रात्रपाळी:
अनोळखी माणसांचं रक्त, ओकाऱ्या, बाळंतपणं.
रक्ताला आधी गरम पाणी दाखवू नये,
हा तिचा एकुलता एक सिद्धान्त.
आम्हा चौघांच्या भांडणांनाही तोच लागू.

मग बाबा अकरा वर्षं अंथरुणाला खिळले.
मग त्यांच्या चादरी.

आणि शनिवारची दुपार वेदीच्या वस्त्रांची. त्यात बदल नाही.
नाताळच्या नाटकात मी मेंढी होते,
तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी.
घरी येऊन ओरडले, देवाला स्वतःच्या मुली नाहीत का धुवायला?
ती रागावली नाही, हसलीही नाही.
बोटाला थुंकी लावून
इस्त्री तापली का ते बघितलं.

मोठेपणी एकदा सांगायला आले
की ग्रॅहमपासून वेगळी होतेय.
तेव्हाही इस्त्री चालूच.
वस्त्राच्या तीन घड्या, पुन्हा आडव्या तीन,
लाल टाक्यांचा क्रूस बरोबर मध्यावर.
मग म्हणाली, मागची खोली जास्त ऊबदार आहे.
एवढंच.
पुढच्या रविवारी देवळाच्या दारात
कुणी मला काहीच विचारलं नाही.
पन्नासजणींची तोंडं तिने कशी बंद केली
ते आता कळायचं नाही.

पहिलं पाणी मोरीत ओतायचं नसतं.
या रुमालांनी प्याला पुसलेला असतो,
एखादा थेंब राहिलाच असेल
तर तो मातीत जावा, गटारातून रिबल नदीला नको.
म्हणून मागच्या परसात, कोळशाच्या जुन्या खोलीजवळ,
रुबार्बच्या बुंध्याशी ती बादली रिकामी करायची,
बर्फ असला तर उलथन्याने बाजूला सारून.

त्या रुबार्बचा मुरंबा सगळ्या गल्लीने खाल्लाय.
झुबेदाआपांनी, मेथडिस्ट पोस्टमनने,
ग्रॅहमनेसुद्धा, दोनदा मागून.

मी एकोणीस वर्षं मिस्सेला बसले नाही.
काल बसले, पण प्रसाद घ्यायला उठले नाही.

पाणी आंबलंय थोडं.
बादली दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली.
रुबार्ब जमिनीखाली झोपलेला,
नुसतं एक गुलाबी टोक, बाळाच्या हिरडीसारखं.
ओतलं, सावकाश, शिंतोडे न उडू देता.
काहीतरी म्हणायचं असतं का या वेळी?
ती काय म्हणायची, की काहीच नाही?
चाळीस वर्षं खिडकीतून बघितलं, कान दिला नाही.

दुसरं पाणी मोरीत चालतं. तिसरंही.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
आता इस्त्री तापतेय, मी बोट ओलं केलंय.

शनिवारी रुमाल नेऊन द्यायचेत.
किल्लीचं अजून ठरलेलं नाही.