काटा

सोमवार ते शनिवार
मी माशांचे काटे उपसते.
पट्ट्यावरून सॅमन येतो, चिरलेला, नारिंगी,
नीट केलेल्या बिछान्यासारखा गुळगुळीत,
आणि मी डाव्या हाताच्या बोटाने चाचपत जाते
कुठे टोचतंय.
टोचलं की चिमटा. टोचलं की चिमटा.
तुकड्याला तीस-बत्तीस काटे, तुकड्याला एक मिनिट,
असं डॉन एवारिस्तो सांगतो.
त्याचा काटा भिंतीवर आहे, माझ्या डोक्याच्या वर,
बारा वाजवायला त्याला फार जड जातं.

हे मासे जपानला जातात.
तिथे कुणाचा घास घशाशी अडू नये
म्हणून माझी बोटं झोपेतही चिमटत राहतात.
रोसामेल कूस बदलतो आणि म्हणतो,
अगं, हे पांघरूण आहे.

घरी आल्यावर विणते.
आवड वगैरे नंतरची, आधी हात थांबत नाहीत म्हणून.
कास्त्रोच्या सुपरमार्केटातली गुंडी,
कागदावर समुद्रापलीकडच्या कारखान्याचं नाव
मला वाचता न येणाऱ्या लिपीत,
आणि रंगाचं नाव 'सागरफेस'.
अकरा वर्षं त्याच्याच टोप्या, त्याचेच मोजे.
खिडकीबाहेर नणंदेच्या मेंढ्या
पावसात भिजत उभ्या असायच्या
आणि माझ्या एकदाही मनात आलं नाही
की त्यांनी अंगावर काय घातलंय.

ह्या रविवारी दाल्काहुएच्या धक्क्यावर गेले
ती बटाटे आणायला.
पोटऱ्यांत अजून शनिवार भरलेला.
बटाटेवाल्याच्या पलीकडे, उपड्या होडीच्या आडोशाला
एक बाई बसली होती, केउई बेटावरची,
सकाळच्या लाँचने आलेली.
हातातली टकळी गरगर चालू,
तोंडाची मात्र बंद.
कुठली लोकर, मी विचारलं.
तिने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.
पाण्यावर धुकं होतं.
बऱ्याच वेळाने म्हणाली, हटलं की दिसतील त्या.

लड उचलली.
नाल्काच्या मुळांत उकळलेला राखी रंग,
एका जागी दाट, एका जागी पातळ,
ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीचा असतो तसा,
ज्याला कुणी नाव ठेवलेलं नाही.
नाकाशी नेली तर धूर,
आणि धुरामागे मेंढीच्या अंगाचा ओशट वास.
मला वाटलं, घरी कुणीतरी जागं आहे.

तिच्याकडे वजनाचा काटा नव्हता.
बटाटेवाल्याचा मागून आणला, गंजका,
तव्यात अजून माती.
तो हलला, डुलला, एकदाचा थांबला.
जरा कमी भरतंय, ती म्हणाली,
आणि पिशवीतून न कातलेली मूठभर वर टाकली.
मी बघत राहिले.
आमच्याकडे कमी भरलं
तर ते माझ्या पगारातून भरतं.
नाव विचारायला जाता जाता परत फिरले.
क्लोरिंदा नाउतो, ती म्हणाली,
आणि टकळी पुन्हा सोडली.

रात्री चुलीपाशी पहिली ओळ.
ही लोकर सुयांवरून घसरत नाही.
अडते, हट्ट धरते,
एक टाका दुसऱ्याला बिलगून बसतो,
ओढून वेगळा करावा लागतो,
अंघोळीच्या वेळी पोरांना करतात तसा.
मऊ नाही. मऊ असल्याचं सोंगही नाही.

दहाव्या ओळीत बोटाला टोचलं.
सवयीने चिमटीत धरलंसुद्धा.
काटा होता, वाळका, कुठल्याशा झुडपाचा.
तिथे ती अंग घासायला थांबली असेल,
पाऊस जरा उघडल्यावर,
भिंतीवर न बघता.

उपसायला मला दोन सेकंदही लागत नाहीत.
बोटं तयार होती. चिमटीत तो होता.
काय झालं, रोसामेलने विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि त्याच्याभोवतीच टाका घातला.
उलटा. मग सुलटा.

उद्या पाच-वीसची बस.
टोपी अर्ध्यावर आली आहे.
डाव्या कानाच्या जरा वर
टोचेल थोडी.