दोन बोटं पुढे

भंडाऱ्याच्या डॉक्टरणीनं सायत्रामावशीला सांगितलं,
आधी तुमच्या नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला.
नाक सापडलं.
डॉक्टरणीचं बोट मात्र मागेच राहिलं,
मावशीचा हात दोन बोटं पुढे जाऊन
थरथरत उभा,
थांबा चुकलेल्या एसटीतल्या माणसासारखा.

लहान मेंदूत गाठ, लाखोरीच्या दाण्याएवढी.
परतताना मी तिला समजावत होतो:
हात निघायच्या आधीच मेंदू ठरवतो
तो कुठं थांबेल, मूठ केवढी उघडेल.
कातडीची खबर यायला उशीर होतो, मावशी,
म्हणून सगळा कारभार अंदाजावर.
आणि चुकांची वही लहान मेंदूकडं.
तुझी तीच वही भिजली.

"वही कोनाची? मी तं आंगठेवाली."

चाळीस हंगाम तिनं बोडीतले शिंगाडे तोडले.
डोंग्यात उकिडवं बसून
डाव्या हातानं पानांचा झुपका उचलायचा,
उजवा तोवर खाली गेलेला,
काट्यांच्या मधली जागा धरायला.
बघण्यासारखं काही नसायचंच. गढूळ पाणी, जळवा.
डोळे तर पलीकडच्या डोंग्यातल्या बिसनाबाईशी
भांडण्यात गुंतलेले.
लहानपणी मी विचारलं होतं, काटा टोचत नाही?
म्हणाली, "टोचते. पन हात त्याच्या पयले सरकते."

आता चहा अर्धा बशीत, अर्धा लुगड्यावर.
दाराची कडी, दिव्याचं बटण,
सगळं जरा अलीकडं राहतं.
नातवाचा गाल कुरवाळायला गेली
तर चापट बसली. पोरगं रडलं.
त्या दिवसापासून हात पदरात गुंडाळलेला.

कार्तिकात माणसं कमी पडली.
दसाराममामानं तिला डोंग्यात घेतलं,
नुसती टोपली धर म्हणाला.
अर्धी बोडी ती गप्प.
मग कोणी न सांगता हात पदरातून निघाला,
हेलपाटला, डोंग्याच्या काठावर आपटला,
पाण्यात गेला.

आणि पाण्यानं त्याला धरलं
चारी अंगांनी, जडपणानं,
अवखळ वासराला दाव्यावाचून
नुसता कळप धरतो तसं.
थरथर मंदावली.
पानाखाली बोटं उघडली,
हवी त्याहून जरा जास्तच.
काटा टोचला. पहिल्याच शिंगाड्याला टोचला.

वर हवेत येताच हात पुन्हा डोलू लागला.
शिंगाडा टोपलीच्या दोन बोटं पुढे पडला,
डोंग्याच्या तळातल्या पाण्यात.

मामा टोपली सरकवायला वाकला.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली,
"चुकू दे त्याले."