नाव घातलेली भांडी

मंगळवारी उन्हाच्या आधी पोचावं लागतं.
नऊनंतर ऊन मध्ये पडतं
आणि उन्हाला घासाघीस जमत नाही.

दस्तगीरनं चादर अंथरलेली असते,
मोराचा पिसारा मधोमध विरलेली.
तिच्यावर एक मिक्सर, भांडं नसलेला.
दोन हात सोडून एक भांडं, दुसऱ्याच मिक्सरचं.
मागाचा धोटा, हातांनी गुळगुळीत झालेला.
आणि चष्म्यांचा ढीग.
एक म्हातारा एकेक चष्मा लावून
समोरच्या दुकानाची पाटी वाचत होता,
मोठ्यानं, शाळेत उभं केल्यासारखी.
पाचव्या चष्म्याला पाटी संपली. वीस रुपये.

मी भांडी बघते.
उजेडाकडे तिरकी धरून, काठाशी बोट फिरवत.
"काय वैनी," दस्तगीर म्हणतो,
"वाचालाव का घ्यालाव?"
दोन्ही.

आमच्या लग्नात एक चमचाही आला नाही.
कोर्टात साक्षीदार तीन, त्यातला एक चहावाला.
माझ्या अव्वानं दार लावलं कन्नडमधून,
अंबादासच्या आईनं तेलुगूतून.
आम्ही दोघं मराठीत
भाड्याची खोली शोधत फिरलो.

पहिल्या रात्रपाळीच्या पगारातलं पातेलं,
चौदा रुपये. काठावर ठिपक्याठिपक्यांनी:
सौ. इरम्मा यांस वास्तुशांतीनिमित्त, मामांकडून.
अंबादास म्हणाला, घासून काढू.
मी म्हटलं, राहू दे,
निदान कुणाचा तरी मामा आला.

मग परात आली, कै. भागीरथीबाईंच्या स्मरणार्थ.
मग सहा वाट्या: पाच गजराबाई,
एक नुसतीच 'ब', पुढचं झिजलेलं.
घरात बोलणं तसंच रुळलं.
इरम्मात डाळ लाव.
भागीरथीबाईंना चिंच लावून घास.
'ब' कुठंय? मांजरापुढं.
पोरगी पहिलीत असताना बाईंना सांगून आली,
आमच्या घरी खूप माणसं आहेत.

कुणी का विकलं, हे मी विचारत नाही.
दारूला, दवाखान्याला,
किंवा सुनेला नॉनस्टिक हवं म्हणून.
माणसं मोडीत निघतात,
स्टीलला पोचा येतो फक्त.

परवाच्या मंगळवारी मात्र चादरीच्या कडेला
नाव घालायचं मशीन होतं.
जाड पेनासारखं, वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी.
"तीनशे."
"चालतं तरी का?"
"लावून बघा की, ते काय बोलतंय."
मोबाईलवाल्याच्या बोर्डात पिन घातली,
हातात एक मोठा भुंगा जागा झाला.
दोनशे वीसला सुटला.
दस्तगीर म्हणाला, आता काय धंदा काढालाव का?

घरी येऊन मी बसले.
तीस वर्षांत पहिल्यांदा
नाव घालणं माझ्या हातात होतं,
आणि काय घालावं ते सुचेना.
माझं? नीलगंगा म्हणून हाक मारणारं
आता कोण उरलंय.
अंबादासचं? तो म्हणाला,
माझं नाव रेशनकार्डावर आहे, पुरे.

आधी उलथन्याच्या पाठीवर हात बसवला,
नुसत्या रेघा, एक वाकडा मोर.
मग इरम्माला मांडीवर पालथं घेतलं
आणि मामांच्या खाली, जिथं जागा होती तिथं,
हळूहळू कोरलं:
पोचलं.

'च' जरा 'ज'सारखा झालाय.
भागीरथीबाईंच्या खाली लिहिलं. पोचलं.
गजराबाईंच्या पाचही वाट्यांवर.
'ब'वर लिहिताना मशीन तापून बंद पडलं,
तिथं फक्त 'पो' आहे.

रात्री अंबादासनं कडक भाकरी कुस्करली,
वरून डाळ ओतली, पातेलं फिरवून वाचलं.
"कुणाला कळवालीस गं?"
मी म्हटलं, वाढ की मलाबी.

मशीन पुढच्या मंगळवारी परत नेणार आहे.
दस्तगीर घेईल, दीडशेला म्हणेल.
नाही तर वायर बदलून बघीन.