हातचा

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र रस्त्याखाली, पाइपात.
ग्राझिना म्हणते, आमच्याकडे असंच,
नाव वर, पाणी खाली.

जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
चाळीस माणसं बिलं तपासायची
लाकडी फरशा विकणाऱ्या एका फिनिश कंपनीची.
पोर्तोच्या बुचवाल्याचा सात
एकासारखा दिसतो, हे ग्राझिनाला ठाऊक.
रीगाचा वॉर्निशवाला डिसेंबरात
तेच बिल दोनदा पाठवतो,
लबाडी नाही, एकटा आहे, विसरतो.
हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मार्चमध्ये लिहून घेतलं.
तुम्हाला जे नुसतं कळतं तेवढं सांगा, म्हणाला
हेलसिंकीहून आलेला मुलगा,
नम्र, सर्दीनं बेजार.
तिनं त्याला लिंबाचा चहा दिला
आणि सहा महिने सांगत राहिली.
यंत्र पहिल्यांदा चुकलं तेव्हा सगळे हसले.
चुकायचं थांबलं तेव्हा
तिला थोडा अभिमानच वाटला,
पोराला पाढे पाठ झाल्यासारखा.

ऑक्टोबरात नवा तक्ता आला.
चाळीस चौकोनांच्या जागी तीन,
मधे एक गोल, बिननावाचा.
पत्रात "काढलं" हा शब्द नव्हता,
"रचना" हा पाच वेळा होता.
मिरेक आता मेहुण्याबरोबर टाइल्स बसवतो.
हलिना फोन उचलत नाही.

परत करायच्या वस्तूंची यादी:
लॅपटॉप, ओळखपत्र, हेडफोन, कपाटाची किल्ली.
खिडकीतल्या कुंड्या कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत.
सोमवारी, गुरुवारी ग्राझिना पाणी घालते.
मिरेकच्या निवडुंगाला ते नकोच असतं,
तरी त्याच्यापाशी जरा थांबते.

बेरजेत एक आकडा
वर, बाजूला, बारीक लिहायचा असतो.
उत्तरात त्याला जागा नसते.
तिची खुर्ची आता तिथे आहे.
दिवसभर "मंजूर" दाबते.

रीगाचं बिल आलं, तीन डिसेंबरला.
यंत्रानं हिरवी खूण केली, बरोबरच केली.
वीस तारीख झाली.
बावीस.
दुसरं बिल आलं नाही.
पडद्यावर सगळं जुळलेलं,
चूक नाही, शंका नाही,
आणि याच्यासाठी बटण नाही.

ग्राझिनानं कोटाच्या खिशातून
स्वतःचा फोन काढला.
बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात नंबर होता.
त्यातला एक सात होता की एक,
क्षणभर तिलाही कळेना.
मग रिंग वाजू लागली.